कॅज्युअल्टीतील कर्मचारी थोडक्यात टळलेल्या चुका न घाबरता नोंदवतील, यासाठी काय करावे?

नमस्कार. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयात मी कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर आहे. रुग्णसुरक्षेबद्दल आमच्या कर्मचाऱ्यांच्या मनात खरोखर काय आहे, हे जाणून घेण्यासाठी मला सर्वेक्षण करायचे आहे आणि त्यात जाणकारांची मदत हवी आहे.

काही महिन्यांपूर्वी रात्रपाळीत अपघाताचे तीन रुग्ण एकदम आले असताना, एका स्टाफ नर्सने इंजेक्शनची पावडर विरघळवण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर समजून जी अँप्युल उचलली, ती पोटॅशियम क्लोराइडची निघाली. दोन्ही अँप्युल १० मिलिलीटरच्या, पारदर्शक, एकाच ट्रेमध्ये ठेवलेल्या आणि बारीक अक्षरांच्या. टोक मोडण्यापूर्वी तिने नाव पुन्हा वाचले म्हणून निभावले. ते औषध पातळ न करता थेट शिरेत गेले असते, तर रुग्णाचे हृदय बंद पडू शकले असते. तिने प्रामाणिकपणे घटनेचा फॉर्म भरला आणि चार दिवसांनी तिच्याच हाती मेमो पडला. पोटॅशियम मी त्याच दिवशी वेगळ्या कुलपात हलवले, परंतु तेव्हापासून त्या फाइलमध्ये एकही फॉर्म आलेला नाही. चुका थांबल्या, असे मी मानत नाही.

टेक्सास विद्यापीठातील संशोधकांची ‘सेफ्टी ॲटिट्यूड्स क्वेश्चनेअर’ ही प्रश्नावली मी वाचली आहे. सांघिक काम, सुरक्षेचे वातावरण, कामातील समाधान, ताणाची जाणीव, व्यवस्थापनाबद्दलचे मत आणि कामाची परिस्थिती अशा ६ अंगांनी ती कर्मचाऱ्यांचे मत विचारते. ‘इथे रुग्ण म्हणून उपचार घेताना मला सुरक्षित वाटेल’ या आशयाचे त्यातील विधान वाचून मी बराच वेळ थांबले, कारण माझेच उत्तर मला चटकन देता येईना. ताणाच्या भागाचीही मला काळजी वाटते. सलग रात्रपाळ्या करूनही ‘दमल्याने माझ्या कामावर परिणाम होत नाही’ असे सांगणे आमच्याकडे कर्तबगारीचे लक्षण समजले जाते.

ही प्रश्नावली मराठीत कोणी वापरली आहे का? मामा आणि मावशींनाही (म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांनाही) ती समजावी, अशी माझी इच्छा आहे, कारण ट्रॉलीवरून रुग्ण घसरत असल्याचे पुष्कळदा त्यांनाच आधी दिसते. दुसरी अडचण गोपनीयतेची आहे. विभागात आम्ही जेमतेम २४ जण आहोत. पद, पाळी आणि अनुभवाची वर्षे विचारली, तर नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. यांपैकी काय गाळावे, आणि भरलेले कागद माझ्याऐवजी कोणी गोळा करावेत?

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: रुग्णापर्यंत न पोहोचलेल्या चुकीची नोंद स्वतःहून करणाऱ्याला मेमो दिला जाणार नाही, असे आपल्या व्यवस्थापनाकडून कोणी लेखी घेतले आहे का, आणि ते त्यांना कसे पटवून दिले?