मदत हवी आहे: ट्रेस केलेल्या फाइलमध्ये दुहेरी रेषा, हजारो नोड आणि चुकलेलं माप

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीसाठी ३ मिमी काळ्या अ‍ॅक्रिलिकची ३०० मिमी रुंद पाटी लेझरवर कापायची आहे. मध्ये 'ठाणे', भोवती वारली आकृत्या, सगळं आरपार. मूळ चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं, ८०० पिक्सेल रुंद जेपीजी. इंकस्केप या रेखाचित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रेस बिटमॅप' (चित्रावरून आपोआप रेषा काढणं) करून डीएक्सएफ, म्हणजे कापणीसाठीची रेषांची फाइल, दिली, ती वागळे इस्टेटमधल्या जॉबवर्कवाल्याकडून परत आली. हातापायांना दुहेरी रेषा, साडेचार हजार नोड (रेषेला आकार देणारे बिंदू), आणि त्याच्या स्क्रीनवर पाटीची रुंदी ११.८ मिमी! कुठे चुकतंय?

रंधा:
रुंदीचं आधी. ३०० मिमी म्हणजे ११.८ इंच. फाइल इंचात निघाली आणि तिकडे मिमी म्हणून उघडली. डीएक्सएफ सेव्ह करताना एकक मिमी निवडा. कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन वेगळ्या रंगात काढून ठेवा, म्हणजे समोरच्याला माप लगेच पडताळता येतं.

दुहेरी रेषा ही प्रत्येक वेळी चूक नसते. काळ्या रेषेला जाडी असते आणि ट्रेस तिच्या दोन्ही कडा काढतो. आरपार फट हवी तर तेच बरोबर. चार रेषा दिसत असतील तर 'एज डिटेक्शन' निवडलं गेलंय, 'ब्राइटनेस कटऑफ' घ्या. १ मिमीपेक्षा बारीक हातपाय मात्र सेंटरलाइन ट्रेसने एकेरी करा आणि कापण्याऐवजी नुसते कोरून घ्या. ट्रेस झाल्यावर खालचं मूळ चित्र उडवायला विसरू नका.

नोड वाढतात ते जेपीजीच्या डागांमुळे. ३०० मिमीत ८०० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.३७५ मिमीचा. लेझरची रेघ त्याच्या निम्मी असते, त्यामुळे कडेवरच्या पिक्सेलच्या पायऱ्या जशाच्या तशा कापल्या जातात. चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा मागवा. नाहीच मिळालं तर गिंप या फोटो सॉफ्टवेअरमध्ये ग्रेस्केल, चौपट मोठं, ३-४ पिक्सेल गॉसियन ब्लर (धूसर करणं) आणि मग थ्रेशोल्ड (फक्त काळं-पांढरं करणं), याच क्रमाने. ट्रेसनंतर इंकस्केपमध्ये कंट्रोल + एल (सिम्प्लिफाय, म्हणजे नोड कमी करणं) एकदाच दाबा. दोन-तीनदा दाबलं की वारलीचे त्रिकोण बटाट्यासारखे होतात.

करवतकानस:
अक्षरं ट्रेस करूच नका. मुक्तासारख्या युनिकोड फाँटात 'ठाणे' टाइप करा, ऑब्जेक्ट टू पाथ (अक्षरांच्या रेषा करणं), अनग्रुप, मग युनियन (सगळे आकार एकात जोडणं). युनियन राहिलं तर अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या राहतात आणि प्रत्येक जोडावर लेझर आडवा काप मारतो. देवनागरीत हे हमखास होतं.

आणखी एक, जे जॉबवर्कवाला सांगणार नाही: आरपार कापल्यावर ठ चं पोट आणि ण च्या आतला तुकडा गळून पडेल. अक्षराच्या रेषेवर २ मिमी रुंद आयत ठेवा, अक्षर आणि आयत निवडून 'डिफरन्स' (अक्षरातून आयत वजा) करा. तेवढा पूल शिल्लक राहतो. ठ ला समोरासमोर दोन पूल द्या, एकावर तो लटकतो आणि पाटी पुसताना तुटतो.

पाटी खाचेत बसवायची असेल तरच केर्फ, म्हणजे लेझरने खाल्लेली रुंदी, मोजा. २० मिमीचे १० चौकोन त्याच शीटवर कापून ओळीने लावा. एकूण १९८.२ मिमी भरले तर केर्फ ०.१८, आणि बाहेरची कड निम्म्याने, ०.०९ मिमी, बाहेर सरकवायची.

धागाकर्ता:
युनियन केल्यावर आडवे काप गेले, मापही जुळलं. धन्यवाद! याच फाइलवर स्वस्तात सनबोर्ड कापून मिळेल का?

रंधा:
लेझरवर अजिबात नाही. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी. जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, छातीला वाईट आणि मशीनच्या रेल गंजवणारा. राउटरवर, म्हणजे फिरत्या बिटने कापणाऱ्या मशीनवर, कापता येईल, पण ही फाइल तशीच चालणार नाही: ३ मिमी जाडीचा बिट ३ मिमीपेक्षा अरुंद फटीत शिरत नाही, आणि आतला प्रत्येक कोपरा १.५ मिमी त्रिज्येने गोल होतो. हातपाय जाड करा, त्रिकोणांची टोकं गोल येणार हे धरून चला.