इंटरनॅशनल स्टडीजच्या मेजरला स्वतःचा कणा हवा की नको?

मूळ धागा:
बीए लेव्हलला इंटरनॅशनल स्टडीजचं मेजर (म्हणजे मुख्य विषय) म्हणून बऱ्याच कॉलेजांत जे चालतं त्याला धड कणाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पॉलिटिक्सचे दोन पेपर, इकॉनॉमिक्सचा एक, थोडा इतिहास, वर इलेक्टिव्हची लांबलचक यादी, आणि प्राध्यापक बहुतेक दुसऱ्या डिपार्टमेंटकडून उसने, त्यामुळे कोर कोर्स यंदा होणार की नाही हे त्यांच्या सोयीवर ठरतं. भाषेचं तर विचारूच नका. आठवड्याला ५ तास, १५ आठवड्यांचं सेमिस्टर, अशी ४ सेमिस्टर धरली तरी ३०० तास होतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना अरबी किंवा चिनी कामापुरती यायला सुमारे २२०० तास धरतं!

प्रतिसाद १:
अजिबात पटलं नाही. हवामान, स्थलांतर, कर्ज, यातलं काय एका डिपार्टमेंटमध्ये बसतं सांगा? विषयच असा आहे की चार ठिकाणचं घ्यावं लागतं. आणि ते २२०० तास पूर्णवेळ पगारी अधिकाऱ्यांचे आहेत, अठरा वर्षांच्या मुलांकडून तीच अपेक्षा कशी करायची? लहान कॉलेजात अरबीला चार मुलं आली तर वर्ग तरी कोण चालवणार.

प्रतिसाद २:
दोघांचंही अर्धंच पटतंय. १९१९ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला आंतरराष्ट्रीय राजकारणाचं पहिलं अध्यासन निघालं ते महायुद्ध पुन्हा होऊ नये म्हणून, आणि १९५८ मध्ये अमेरिकेने कायदा करून भाषा आणि प्रदेश-अभ्यासाला (जगाचा एकेक भाग घेऊन त्याचा अभ्यास) पैसा दिला तो स्पुटनिकच्या, म्हणजे सोव्हिएत रशियाने सोडलेल्या पहिल्या उपग्रहाच्या धक्क्याने. म्हणजे आधी प्रश्न होता, मग अभ्यासक्रम. आता आधी कोर्सांचा कॅटलॉग बनतो आणि प्रश्न विद्यार्थ्याने शोधायचा, तोही शेवटच्या वर्षी प्रोजेक्टच्या वेळी, जेव्हा आकडेवारी वाचायला कुणी शिकवलेलंच नसतं. मेथड्सचा (संशोधनाच्या पद्धतींचा) पेपर दुसऱ्याच वर्षी सक्तीचा करा, निम्मं दुखणं तिथेच थांबेल.

मूळ धागा:
मेथड्सचं एकदम मान्य. @प्रतिसाद १, चार ठिकाणचं घ्यायला माझी ना नाहीच, पण ते चार तुकडे जोडायला कुणीतरी हवं ना, ते काम आज एकट्या विद्यार्थ्यावर पडतं. निदान दोन प्राध्यापक याच मेजरचे असावेत, आणि एक प्रदेश निवडला की त्याचा इतिहास, अर्थकारण, भाषा सलग तीन वर्षं.

प्रतिसाद १:
दोन प्राध्यापक ठीक, पण पहिल्याच वर्षी प्रदेश निवडायला लावू नका, तेवढं मी सोडणार नाही.