मदत हवी आहे : भाजल्यामुळे आखडलेल्या मानेची शस्त्रक्रिया ‘कॉस्मेटिक’ ठरवून ईसीएचएसमध्ये नाकारली, पुढे काय करावे?

नमस्कार. माझे वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले असून ईसीएचएसचे (माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेचे) सदस्य आहेत. आम्ही नागपुरात राहतो. दोन वर्षांपूर्वी गावाकडच्या एका लग्नात भट्टीचा भडका उडून त्यांची मान, हनुवटी आणि छातीचा वरचा भाग भाजला. जखमा भरल्या, परंतु भरताना कातडी आखडत गेली आणि आता हनुवटी छातीकडे ओढलेली राहते. वर पाहायचे तर बाबांना कमरेतून मागे वाकावे लागते. ग्लास उचलून तळापर्यंत पाणी पिता येत नाही, म्हणून चहा बशीतून आणि पाणी नळीने घेतात. खालचा ओठ ओढला गेल्यामुळे लाळ गळते, आणि ती कोणाला दिसू नये म्हणून ते भर मे महिन्यातही गळ्याला पंचा गुंडाळून बसतात.

आखडलेली कातडी मोकळी करून त्या जागी मांडीची कातडी लावावी लागेल, नंतर काही महिने गळ्याला स्प्लिंट (मान ताणून धरणारा आधार) ठेवावा लागेल, नाहीतर ती पुन्हा आखडेल, असे प्लास्टिक सर्जननी सांगितले. भूलतज्ज्ञांचे म्हणणे तर अधिक गंभीर होते : मान अशीच राहिली, तर उद्या दुसऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाईल. तरीही रेफरलचा, म्हणजे योजनेतून शस्त्रक्रियेसाठी पाठवण्याचा, कागद ‘कॉस्मेटिक’ एवढा शेरा घेऊन परत आला.

निव्वळ रूप सुधारण्याचा खर्च योजनेने उचलू नये, हे मला मान्यच आहे. माझा संशय सर्जनच्या चिठ्ठीवर आहे. त्यांनी त्यात फक्त ‘स्कार रिव्हिजन’ (व्रण सुधारणे) असे लिहिले होते. मान किती अंश वर होते, ओठ मिटतो की नाही, भूल देताना काय धोका आहे, यातले काहीच नव्हते. चिठ्ठी नव्याने घेताना ‘पोस्ट बर्न कॉन्ट्रॅक्चर’ (भाजल्यानंतर कातडी आखडणे) असे निदान, मोजमापे, छायाचित्रे आणि भूलतज्ज्ञांचा अभिप्राय जोडला, तर प्रकरण ईसीएचएसच्या दवाखान्यात, म्हणजे पॉलिक्लिनिकमध्ये, पुन्हा विचारात घेतात का? की थेट कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखवून तेथून पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला पाठवण्याची विनंती करावी? नंतरचा स्प्लिंट आणि प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारा घट्ट कपडा) यांचा खर्च मिळतो का, हेही कोणाला अनुभवाने ठाऊक असल्यास कळवावे.

टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेचा बैल हाकणारा कावसजी कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले, ही हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली होती. ती बाबांना वाचून दाखवली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “त्याला कोणी रेफरल मागितलं नसेल.”

सर्जनची पुढची भेट येत्या मंगळवारी आहे, त्यामुळे चिठ्ठीतील मजकुराविषयीचे उत्तर त्याआधी मिळाले तर फार उपकार होतील.