डिप्लोमसी बोर्डगेम: ऑस्ट्रियाकडून खेळताना व्हिएन्नाची आर्मी गॅलिशियात की ट्रिएस्टला?

जिन्याखाली:
येत्या रविवारी दादरला डिप्लोमसीचा सात जणांचा डाव आहे, प्रत्येकाकडे एक देश. चिठ्ठ्या आधीच काढल्या, माझ्याकडे ऑस्ट्रिया आलाय. बुडापेस्टची आर्मी सर्बियात, ट्रिएस्टची फ्लीट (आरमार) अल्बेनियात आणि फॉलला (वर्षाच्या दुसऱ्या चालीत) ग्रीस, इथपर्यंत ठरलंय. अडतंय ते व्हिएन्नाच्या आर्मीपाशी. ती गॅलिशियात पाठवली तर ट्रिएस्ट इटलीला मोकळं. ट्रिएस्टला आणली तर रशिया गॅलिशियात शिरणार, आणि फॉलला व्हिएन्नावर येतो की बुडापेस्टवर ते ओळखत बसायचं. आधी कुणाशी जमवावं? घर वन बीएचके आहे, खासगीत बोलायला गॅलरी आणि जिना, बस्स.

पाचवा_मजला:
आधी इटली. दोन वेगवेगळ्या देशांची घरची केंद्रं (जिथे नवी युनिट्स बांधता येतात) एकमेकांना खेटून असलेली अख्ख्या पटावर एकच जोडी आहे, व्हेनिस आणि ट्रिएस्ट. त्यामुळे इटलीशी भांडण निघालं की दोघंही खंगतात आणि तुर्कस्तान दोघांना खातो. हे त्यालाही माहीत असतं.

पण "आपण भांडायचं नाही" एवढ्यावर सोडू नका, त्याला कामाला लावा. लेपांटो सुचवा, म्हणजे इटलीने समुद्रमार्गे तुर्कस्तानवर उतरायचं. स्प्रिंग १९०१ ला (डावाच्या पहिल्या चालीत) रोम–अपुलिया, नेपल्सची फ्लीट आयोनियन समुद्रात, व्हेनिस जागेवर. फॉलला अपुलियाची आर्मी कॉन्व्हॉयने (फ्लीटवरून समुद्र ओलांडून) ट्युनिसला, आणि मिळालेल्या बिल्डची (नव्या केंद्रामुळे मिळणाऱ्या युनिटची) फ्लीट नेपल्सलाच. स्प्रिंग १९०२ ला पहिली फ्लीट पूर्व भूमध्य समुद्रात, दुसरी तिच्या मागे आयोनियनमध्ये. फॉलला दोन फ्लीटच्या साखळीवरून ट्युनिसची आर्मी सीरियात उतरते. तोपर्यंत तुम्ही बल्गेरियावर.

"माझी आर्मी ट्रिएस्टमार्गे सर्बियात जाऊ दे, काम लवकर होईल" असं त्याने म्हटलं तर ठाम नाही म्हणा. अनुभवी जोड्या तसं खेळतात. पण फॉलला ती आर्मी ट्रिएस्टमध्येच बसून राहिली तर केंद्र त्याचं, आणि पटावर दाद मागायला कोर्ट नाही.

लाल_सोंगटी:
इटलीचं पटलं, पण घाव बहुधा रशियाकडूनच बसतो. त्याच्याशी "गॅलिशिया रिकामं ठेवू" असा करार अजिबात करू नका. शब्द पाळणारा त्यात फसतो आणि मोडणाऱ्याचं फावतं. त्याऐवजी ठरवून बाऊन्स करा: तो वॉर्सॉ–गॅलिशिया, तुम्ही व्हिएन्ना–गॅलिशिया. ताकद सारखी, म्हणून दोन्ही आर्म्या जागेवर राहतात. जो आयत्या वेळी जाणार नाही, त्याच्याच दारात दुसऱ्याची आर्मी उभी राहते, म्हणून हा करार सहसा मोडला जात नाही. फॉलला तुमची आर्मी व्हिएन्नातच असते, तिथून ट्रिएस्टही राखता येतं.

रशिया कुरकुरणार, कारण रुमानिया घ्यायला त्याला वॉर्सॉची आर्मी युक्रेनमध्ये हवी असते. मग रुमानियावर जाणार नाही असं कबूल करा, तुम्हाला तिथे तसाही पहिल्या वर्षी रस नाही.

ग्रीसचा हुकूम (लेखी चाल) नीट लिहा: अल्बेनियाची फ्लीट ग्रीसला, सर्बियाची आर्मी तिला सपोर्ट (तिच्या चालीला जोर). बल्गेरियातल्या तुर्की आर्मीने सर्बियावर चाल केली की तो सपोर्ट कापला जातो. एवढ्याने ग्रीस जात नाही, पण त्याच वेळी आयोनियनमधली इटालियन फ्लीट ग्रीसला निघाली तर दोघंही बाऊन्स आणि तुमच्या पदरात एकटं सर्बिया. म्हणजे फॉलच्या हुकमांआधी इटलीकडून ट्युनिस पुन्हा एकदा वदवून घ्या.

जिन्याखाली:
आणि इटलीकर बोलण्यातच चालबाज वाटला तर?

लाल_सोंगटी:
तर ट्रिएस्टची फ्लीट व्हेनिसकडे लिहा. व्हेनिसची आर्मी जागेवर राहिली किंवा ट्रिएस्टवर आली, तरी तुमची फ्लीट ट्रिएस्टमध्येच राहते आणि शहर सुरक्षित. व्हेनिसची आर्मी टिरोलियाला गेली आणि रोमची आर्मी मागून व्हेनिसला आली, तर तिथे बाऊन्स. किंमत अशी की ग्रीस पुढच्या वर्षावर जातं, पहिल्या हिवाळ्यात एकच बिल्ड. मात्र त्याने व्हेनिस खरोखर रिकामं सोडलं तर तुमची फ्लीट आत शिरेल आणि लेपांटो विसरा. त्यामुळे हे लिहिणार असाल तर त्याला आधी सांगा.

पाचवा_मजला:
हा हुकूम फारच सावध खेळणाऱ्यांसाठी. संशय पक्का नसेल तर मी ग्रीस सोडणार नाही.

गॅलरी_मोकळी_करा:
वन बीएचकेत सगळ्यांना सगळं दिसतं, ते कुणी लक्षात घेतलं नाही. नियमपुस्तिकेप्रमाणे पहिल्या वाटाघाटीला ३० मिनिटं, नंतर १५. त्यातली दहा इटलीबरोबर जिन्यात गेली तर तुर्कस्तानला लेपांटोचा वास येणारच. तो हिवाळ्यात स्मर्नाला फ्लीट बांधेल आणि स्प्रिंग १९०२ ला पूर्व भूमध्य समुद्रात बाऊन्स देईल, की झाली ती साखळी बंद. म्हणून तुर्कस्तानबरोबरही तितकाच वेळ जिन्यात काढा आणि बोलणं रशियाचंच काढा, म्हणजे त्याचं बिल्ड आर्मी किंवा अंकाराच्या फ्लीटकडे झुकेल.

जर्मनीला दोनच मिनिटं, पण विसरू नका. कीलची फ्लीट डेन्मार्कला गेली की फॉलला स्वीडनमध्ये बाऊन्स देऊन ती रशियाचं एक बिल्ड रोखू शकते. "रशिया गॅलिशियात दिसला तर स्वीडन देऊ नकोस" एवढं जर्मनीकडून घ्या, आणि तसं ठरल्याचं रशियाच्या कानावरही घाला. इंग्लंड-फ्रान्सशी नमस्कार-चमत्कार पुरेत.

हुकूम मराठीत लिहिणार असाल तर "नॉर" लिहू नका. नॉर्वे, नॉर्वेजियन समुद्र, नॉर्थ सी, काहीही होऊ शकतं. संदिग्ध हुकूम रद्द होतो आणि युनिट जागेवरच राहतं.

लाल_सोंगटी:
रविवार आहे, मेगाब्लॉक बघून घ्या. सातवा पोहोचलाच नाही तर सहा जणांच्या नियमात इटली बाद होतो: त्याची युनिट्स जागेवर थांबतात, स्वतःचा बचाव करतात, एकमेकांना सपोर्ट देत नाहीत. तसं झालं तर वरची निम्मी चर्चा बाजूला ठेवा. फ्लीट अल्बेनियात, व्हिएन्ना बिनधास्त गॅलिशियाकडे. मात्र लेपांटोही नाही, तेव्हा तुर्कस्तानविरुद्ध जोडीदार म्हणून रशियाच धरावा लागेल.