बिरुद, ब्रीद, दिग्गज आणि सावज : शब्द स्वस्त झाले की माणसं महाग?

सूरसागरकाठचा मामा :
नमस्कार मंडळी, विषय जरा आडवातिडवा आहे, सांभाळून घ्या. परवा दांडिया बाजारातून स्कूटरवर येत होतो तर चौकात फ्लेक्स लागलेला, कुणाचातरी वाढदिवस, गॉगलवाला फोटो, खाली गुजरातीत कार्यसम्राट, युगपुरुष, दिग्गज नेता आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात 'वडोदरानो सावज'. मागे बसलेला भाचा असा हसला की मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. गुजरातीत सावज म्हणजे सिंह हो, आणि आपल्या मराठीत सावज म्हणजे ज्याची शिकार करायची ते. मूळ दोघांचं एकच, संस्कृत श्वापद, पण तापी ओलांडली की सिंहाचं हरीण होतं. वाढदिवसाच्या माणसाला हे कुणी सांगितलं नसावं.

तर भाच्याला मंडळाच्या स्पर्धेसाठी निबंध लिहायचाय, 'पूर्वीसारखी धाडसी, दंतकथा झालेली माणसं आता का दिसत नाहीत'. शाळा गुजराती माध्यमाची, मराठी घरची. त्याने निबंधात लिहिलं 'सरदार हे ब्रीद वल्लभभाईंना बारडोलीत मिळालं' आणि मी म्हटलं ब्रीद नाही रे, बिरुद. तो म्हणे मामा दोन्ही एकच ने? मला नाही म्हणायचं होतं पण का नाही ते सांगता येईना. वर त्याचा दुसरा प्रश्न, एवढे दिग्गज जर चौकाचौकात आहेत तर निबंधाचा विषयच चुकीचा आहे ने? आता बोला.

मांडवीची ताई :
मामा, तुम्हीपण बरोबर आणि भाचापण बरोबर. शब्द एकच आहे, बिरुद घासून घासून ब्रीद झालंय. पण घासताना अर्थ दुसरीकडे सरकला. बिरुद दुसऱ्याने द्यायचं असतं, राजाने, सभेने, लोकांनी. ब्रीद आपलं आपण बांधायचं, आणि बांधायचं म्हणजे खरोखर बांधायचं, पायात. मनाच्या श्लोकात 'पदी राघवाचे सदा ब्रीद गाजे' आहे ना, लहानपणी आपण ते नुसतं घोकत होतो, गाजतंय म्हणजे काय गाजतंय? तर पायातलं ब्रीद, वाजणारी खूण, की बाबा मी दीनांचं रक्षण करणारा आहे, चालताना सगळ्यांना ऐकू येतंय, आता मागे फिरायची सोय नाही. म्हणून तर संत देवाशी भांडतात, तुझं पतितपावन हे ब्रीद आहे तर मग ते खरं कर. बिरुदावरून कुणी कुणाशी असं भांडत नाही, बिरुद मिळालं की काम संपलं, ब्रीद घेतलं की काम सुरू होतं.

आज मराठीत ब्रीद कुठे उरलंय? संस्थेच्या लेटरहेडवर, ब्रीदवाक्य म्हणून. पायातून निघालं आणि कागदावर गेलं, कागद वाजत नाही.

रावपुऱ्याचा रिटायर्ड :
ताईंचं उत्तर छान. दिग्गजाबद्दल मी लिहितो कारण हा शब्द मला रोज सकाळी गुजराती पेपरात टोचतो. दिग्गज म्हणजे दिशांचे हत्ती, आणि दिशा आठ म्हणून हत्ती आठ, ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद, अंजन, पुष्पदंत, सार्वभौम, सुप्रतीक. संपलं. नववी जागाच नाही. शब्दातच सीटं मोजून दिलेली आहेत आणि आपण एका वॉर्डात चार-चार बसवतो. धुरंधराचंपण तेच, धुरा म्हणजे जू, ते मानेवर घेणारा तो धुरंधर, मूळ शब्द बैलाला लागतो. म्हणजे ओझं ओढणारा. फ्लेक्सवरचे धुरंधर काय ओढतात ते मला विचारू नका.

पण 'आजकाल शब्द स्वस्त झाले' असं कुणी म्हटलं की मी आजोबांची जुनी पत्रं काढतो. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर रा. रा., म्हणजे राजमान्य राजश्री. पत्र कुणाला, तर किराणावाल्याला, उधारी कधी देता/घेता म्हणून. राजाने त्या बिचाऱ्याला कधी पाहिलंही नसेल आणि हा राजमान्य! म्हणजे बिरुदं तेव्हापण फुकट वाटली जात होती, फक्त फ्लेक्स नव्हता. गंमत म्हणजे टिळकांना लोकमान्य म्हणायला लागले तेव्हा त्या शब्दाला जो जोर आला तो या राजमान्यामुळेच, ज्याच्या-त्याच्या नावामागे राजमान्य असताना एकाच्या नावामागे लोकमान्य. ज्यांनी रा. रा. लिहिलेली पत्रं कधी उघडलीच नाहीत त्यांना लोकमान्य हा शब्द नुसता आदराचा वाटतो, त्यातला टोमणा कळत नाही.

आणि बिरुदं कायद्याने बंद आहेत बरं का, राज्यघटनेचं 18 वं कलम, सैन्यातली आणि शिक्षणातली पदवी सोडून सरकार कुठलाही किताब देणार नाही. पद्मश्री वगैरेसुद्धा नावाला जोडून लिहायची नाही असं सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये सांगितलंय. आपल्याकडे आधी दरबारी किताब होते, राजरत्न होते, सेनाखासखेल होते, फय्याज खाँसाहेब गायचे इथे बडोद्यात आणि 'आफताब-ए-मौसिकी', म्हणजे संगीताचा सूर्य, म्हटलं म्हैसूरच्या महाराजांनी. परक्या दरबाराने दिलं म्हणून त्याला वजन. आता द्यायला दरबार नाही, सरकारला परवानगी नाही, मग ज्याचं त्याने छापून घ्यायचं, स्क्वेअर फुटाच्या भावाने.

जिमवाला बडोदेकर :
काका लोक, मी शब्दवाला नाही पण दंतकथेवर माझं एक आहे. कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये गामा पहिलवानाचा दगड आहे, बघितलाय ना सगळ्यांनी? 1200 किलोचा, 1902 च्या डिसेंबरमध्ये इथे बडोद्यात त्याने उचलला असं सांगतात. आता मी रोज वजनं उचलतो त्यामुळे मला हे डोक्यात बसत नाही, कारण 2020 मध्ये आइसलंडच्या माणसाने 501 किलो डेडलिफ्ट मारली तेव्हा जगभर बोंबाबोंब झाली होती, आणि तो माणूस डोंगराएवढा आहे. पण मजा बघा, 501 वाला मला त्याचं वजन, त्याचा पट्टा, प्लेटी, सेकंद सगळं माहितीये, मी दहा वेळा स्लो करून बघितलंय, आणि त्याच्याबद्दल मला कुणाला काही सांगावंसं वाटत नाही, लिंक पाठवली की झालं. गामाबद्दल मात्र माझ्या उस्तादांनी मला अर्धा तास सांगितलं, त्यांना त्यांच्या उस्तादांनी. व्हिडिओ आला की दंतकथा मेली. माझ्या मते हेच उत्तर आहे, माणसं कमी नाही झाली, कॅमेरे जास्त झाले.

सूरसागरकाठचा मामा :
अरे वा, जिमवाले भाऊ, हे पटलं होतं मला, अगदी निबंधात घालायला सांगणार होतो, पण मग 1911 आठवलं. दिल्ली दरबार, डिसेंबर 1911, पंचम जॉर्ज बसलेत, सगळे संस्थानिक दागदागिन्यांनी मढून एकेक करून मुजरा करताहेत, पाठ न दाखवता मागे सरायचं असा रिवाज. निजामानंतर आपले सयाजीराव. साधे कपडे, हातात काठी, एकदाच वाकले आणि सरळ वळून चालू लागले. ही गोष्ट बडोद्यातल्या कुठल्या मराठी घरात सांगितली जात नाही? माझी आजी तर काठी फिरवून दाखवायची, तिच्या गोष्टीत महाराज काठी गरगर फिरवत, शीळ घालत निघायचे, दरवर्षी एखादी गोष्ट वाढायची.

आणि आता ऐका, त्या दरबाराचं चित्रीकरण झालं होतं! 1911 ला, कॅमेरे लावून. ती काही सेकंदं विलायतेत पडद्यावर दाखवली, तिथल्या पेपरांनी मुद्दाम केलं म्हणून गहजब केला. म्हणजे व्हिडिओ होता, पुरावा होता, तरी दंतकथा झालीच ने? उलट व्हिडिओमुळेच झाली.

मांडवीची ताई :
झाली कारण तुमच्या आजीने तो बघितला नव्हता मामा. विलायतेतल्या लोकांनी बघितला आणि त्यांचं भांडण झालं, आपल्या लोकांनी ऐकला आणि आपली गोष्ट झाली. शिवाय आजीच्या गोष्टीत पुढचा भाग नसणार, की नंतर महाराजांनी व्हाइसरॉयला दिलगिरीचं पत्र पाठवलं, गोंधळ झाला, अपमानाचा हेतू नव्हता म्हणून. हे सांगितलं की आमच्याकडे मोठी माणसं रागावतात. मला उलट पत्रासकट महाराज जास्त मोठे वाटतात, कारण भीती खरी होती, त्यांच्या आधीच्या मल्हाररावांना इंग्रजांनी 1875 मध्ये गादीवरून उतरवून मद्रासला पाठवलेलं, त्याच रिकाम्या गादीवर हे 12 वर्षांचं पोर कवळाणे गावाहून आणून बसवलं. गादी कशी जाते हे ज्याला पाळण्यातल्यासारखं माहितीये त्याने पाठ फिरवणं, ते चुकून असो की मुद्दाम, सोपं नाही. दंतकथेला पत्र नकोसं असतं. आख्यायिकेला चाललं असतं.

रावपुऱ्याचा रिटायर्ड :
ताई, हे नकळत अगदी नेमकं बोललात. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, 'आख्यायिकोपलब्धार्था' असं आहे, म्हणजे जिचा विषय घडलेला, माहीत असलेला ती आख्यायिका, आणि मनाने रचलेली ती कथा. बाणभट्टाचं हर्षचरित आख्यायिका, कादंबरी कथा. आणि मराठीत काय झालं? 'अशी आख्यायिका आहे' म्हटलं की अर्थ असा की विश्वास ठेवू नका. घडलेल्या गोष्टीसाठी असलेला शब्दच आपण न घडलेल्याला देऊन टाकला.

अवांतर : सयाजीरावांनी कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला, सयाजीशासनशब्दकल्पतरू, 1931. राज्य चालवताना शब्द नेमका हवा म्हणून एवढी खटपट. त्याच गावात आज सावज.

पुण्याला गेलेली बडोदेकरीण :
मी जरा वाकडं बोलू का? राजाचं धाडस आणि नगरसेवकाचं धाडस एका तराजूत कशाला घालता? महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं शिक्षण करून पाहिलं, 1906 मध्ये सगळ्या राज्यात लागू केलं, मुलींसकट. हुकूम निघाला की झालं, टेंडर नाही, स्टे नाही, निवडणूक नाही, वर 1939 पर्यंत गादीवर, म्हणजे जवळजवळ 64 वर्षं. पेरलेलं उगवलेलं बघायला एवढा वेळ कुणाला मिळतो हो आता? पाच वर्षांच्या माणसाला धाडस परवडत नाही, त्याला फ्लेक्सच परवडतो. आणि खरं सांगू, कुणा एकाच्या हुकमावर सगळं चालत नाही हे मला बरंच वाटतं. दिग्गज कमी असलेलं गाव राहायला वाईट नसतं.

मांडवीची ताई :
पुणेकर बाई, गादीचा मुद्दा मान्य. पण मग गादी नसलेल्याचं बघू. बाबासाहेब. 1913 ला याच महाराजांच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेला गेले, शिकून बडोद्याला नोकरीला आले तर गावात कुणी राहायला खोली देईना. पारशी सरायीत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन लोक दारात, संध्याकाळपर्यंत चालता हो. मुंबईची गाडी रात्री 9 ची, मधले पाच तास जायचं कुठे, तर कमाटी बाग. जिमवाले भाऊंचा दगड आहे त्याच बागेत. बसून राहिले, उदास, सुन्न. हे त्यांनीच लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला कळलं. त्या पाच तासांत बागेत किती लोक फिरून गेले असतील, बँड ऐकायला, पोरांना घेऊन, आणि बाकावर, गवतावर कुठेतरी एक सुटाबुटातला तरुण बसलाय, कुणाला काय ठाऊक. ब्रीद कधी बांधलं असेल तर तिथे, पण ते वाजलं कुणालाच नाही. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात, बिरुद पुष्कळ वर्षांनी आलं.

म्हणून मला तुमच्या भाच्याच्या विषयातला 'आता' हा शब्दच खटकतो. आतावाले आताच दिसत नाहीत, तेव्हाचेपण तेव्हा दिसले नव्हते. उद्या संध्याकाळी बागेत जा, कुणीतरी बसलेलं असेलच, आपण सेवउसळ खायच्या घाईत पुढे निघून जाऊ.

जिमवाला बडोदेकर :
ताई, मी त्या बागेत रोज चार राउंड मारतो. आज हळू चाललो.

सूरसागरकाठचा मामा :
निबंध झाला बरं का. शीर्षक त्याने स्वतः दिलं, 'सावज कोण?'. तपासणाऱ्या बाईंनी ब्रीद शब्दाभोवती लाल गोल करून बाजूला बिरुद लिहिलं, यावर मी काही बोललो नाही, भाचाच भांडून आला, ताईंचं पायातलं ब्रीद सांगून, आणि मार्क वाढवून घेतले म्हणे, वाढवून घेतले की नाही ते त्यालाच ठाऊक.

रविवारी दगड बघायला नेलं. गार्ड तिथेच उभा, हात लावू दिला नाही, लांबूनच बघितला आणि आलो. काल त्याचा मित्र घरी आला होता, आतल्या खोलीतून ऐकू येत होतं, 'मी दोन हातांनी धरला आणि जोर लावला ने, थोडासा हलला होता यार.'

पुण्याला गेलेली बडोदेकरीण :
मामा, ते म्युझियम सोमवारी बंद असतं का? दिवाळीत येतेय, मुलाला दाखवायचाय. आणि गार्डची ड्युटी कधी बदलते तेपण विचारून ठेवा.