जाहीरनाम्यात पहिल्या ओळीत 'घरपट्टी माफ' टाकावं का?

फ्लेक्सवाला:
मंडळी, अडचणीत आहे म्हणून विचारतो. तालुक्याच्या गावी माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे आणि १४ वर्षं एका पक्षाचा शहर चिटणीस आहे. कोणता पक्ष ते सांगत नाही, २०२४ ला आघाडीत होतो एवढं पुरे. नगरपरिषदेचा जाहीरनामा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण शेवटी छापायचा माझ्याकडेच असतो, आणि तोही उधारीवर.

आमची पोरं म्हणतात, पहिली ओळ 'घरपट्टी पूर्ण माफ'. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल. माझा हात अडतोय. का, ते सांगतो.

२८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात लाडकी बहीण जाहीर झाली, तेव्हा आम्ही चहाच्या टपरीवर बसून हसत होतो. लोकसभेला ४८ पैकी ३० जागा आमच्या, हवा डोक्यात गेलेली. 'वर्षाला ४६ हजार कोटी आणणार कुठून, रेवडी आहे, निवडणुकीनंतर बंद.' राखीपौर्णिमेच्या आधी बायकांच्या खात्यात जुलै-ऑगस्टचे मिळून ३,००० पडले. केशरी कार्ड असल्यामुळे माझ्या बायकोलाही आले. मला सांगितलं नाही तिने, आधी भावजयीला मोबाइल दाखवला. त्याच आठवड्यात समोरच्यांची माझ्याकडे ६० फ्लेक्सची ऑर्डर. राखी बांधलेला हात, मागे हसणाऱ्या बाया. धंदा आहे, छापले.

आणि नोव्हेंबरात विधानसभेला आम्हीच 'महिन्याला ३,०००' छापलं! ज्याला चार महिने रेवडी म्हटलं तीच दुप्पट करून. समोरचे २,१०० म्हणाले. लोकांनी कमी बोली लावणाऱ्याला निवडलं: भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१. त्या २,१०० चं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण तो विषय वेगळा.

तर प्रश्न असा: लोकांना आवडतं ते उचलावं, की आवडत नसलं तरी खरं तेच बोलावं? तत्त्वज्ञान नको, अनुभव सांगा.

ओसरीवरची ताई:
दादा, मी अंगणवाडी सेविका. त्या जुलै-ऑगस्टात एका अर्जामागे ५० रुपये म्हणून रात्री अकरापर्यंत अर्ज भरलेत. ॲप उघडायचं नाही, ओटीपी नवऱ्याच्या नंबरवर, नवरा ऊसतोडीच्या मुकादमाकडे उचल आणायला गेलेला. आमच्या वाडीत साठीतल्या दोघी होत्या, त्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पासबुक हातात घेतलं. एकीने त्याला प्लास्टिकची पिशवी घालून देव्हाऱ्यात ठेवलं. तिच्यासमोर रेवडी म्हणून बघा.

तुम्ही हरलात ते ३,००० छापले म्हणून नाही. आधी हसलात म्हणून. बाया ऐकत असतात.

पण दुसरी बाजूपण लिहिते. पडताळणी सुरू झाली, काहींची नावं गळाली. पैसे थांबले की बाई मंत्र्याकडे जात नाही, माझ्या दारात येऊन बसते. 'तूच भरला होतास ना फॉर्म?' उद्या घरपट्टीची नोटीस आली की लोक तुमच्या दुकानात येतील. फ्लेक्सवर फोटो कुणाचा का असेना.

जुना लेखापाल:
नगरपरिषदेत ३१ वर्षं कर आणि लेखा. आधी कामाचं बोलतो: घरपट्टी माफ करणं नगरपरिषदेच्या हातात नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जानेवारी २०२२ पासून माफी मिळाली, ती राज्याने कायदा बदलला तेव्हा. तुमची सभा फार तर ठराव करून वर पाठवेल. ठरावाची फाइल मंत्रालयात कशी झोपते ते मी पाहिलंय. शिवाय दिवाबत्तीचं बिल आणि पाणीपुरवठ्याच्या पंपाची वीज भरायची कशातून? वसुली मार्चअखेर ६० टक्क्यांवर गेली तर आम्ही पेढे वाटायचो.

आता तुमचा मोठा प्रश्न. मला 'लोकानुनय' हा शब्दच फसवा वाटतो. २००४ ला विधानसभेच्या तोंडावर शेतीपंपांची वीज मोफत झाली. सरकार परत आलं आणि २००५ मध्ये सवलत गुंडाळली. १९९५ च्या युतीची एक रुपयाची झुणका-भाकर घ्या: अनुदान आटलं, टपऱ्या उरल्या, कित्येकांवर वडापाव तळला जाऊ लागला.

पण ७२ च्या दुष्काळात वाढलेली रोजगार हमीसुद्धा लोकांना हवी तीच गोष्ट होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे मागे लागले, आणि १९७५ मध्ये तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसवला. अजून कापला जातो, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. मी दर फेब्रुवारीत शिव्या घालायचो. पण पैसे कुणाच्या खिशातून येणार हे तोंडावर सांगून केलेली ती योजना होती, म्हणून टिकली. तुमच्या पोरांना विचारा, घरपट्टीच्या ओळीखाली दुसरी ओळ काय लिहिणार?

बूथ नंबर ११२:
काका, दुसरी ओळ वाचतो कोण? आधी निवडून या. विरोधात बसून ठरावही पाठवता येत नाही.

फ्लेक्सवाला:
११२, तुझं खोटं नाही, म्हणून तर झोप नाही.

काल वॉर्डात फिरलो. गल्लीच्या तोंडावर मशेरी लावत बसणाऱ्या मावशींना सरळ विचारलं, घरपट्टी माफ करतो म्हटलं तर मत द्याल का? म्हणाल्या, 'कर की बाबा, नको कोण म्हणतंय? पन तुझ्याच्यानं हुईल का?' मी उत्तर शोधतोय तोवर त्यांनी नळाखाली ठेवलेली रिकामी घागर पायाने सरकवली. पाणी चौथ्या दिवशी येतं आमच्याकडे.

लेखापाल साहेब, 'पाणी दिवसाआड' एवढं लिहून ठेवलंय. नवा पंप केवढ्याला आणि पाणीपट्टी किती वाढवावी लागेल, हे विचारायला उद्या पाणीपुरवठ्यातल्या ओळखीच्या माणसाकडे जातोय. आकडा आला की तोही खाली छापणार. पोरं तोंड फिरवून बसलीत.

संध्याकाळी समोरच्यांचा माणूस डिझाइन घेऊन आला. 'घरपट्टी शंभर टक्के माफ', २० बाय १० चे आठ. रोख घेतले.