अनुभव धागा: पायथन टाकला, पण गेला कुठे?

परवा भुसावळला भाच्याच्या लॅपटॉपवर पायथन (प्रोग्राम लिहायची भाषा) टाकून दिला. इन्स्टॉल झाल्याची पाटी आली. काळ्या खिडकीत 'पायथन' टाइप केलं, तर मायक्रोसॉफ्टचं दुकानच उघडलं! वांगी भाजता भाजता आई विचारते, "कोठे शे रे तुना अजगर?" 'प्रोग्राम फाइल्स' उपसून काढलं, काही नाही. शेवटी सापडला 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरात; तिथून लोकल, मग प्रोग्राम्स, मग पायथन. तुमचा कुठे सापडला? येऊ द्या.

जळगाव, कॉलेजची लॅब: दुकान उघडायचं कारण म्हणजे विंडोजनं स्वतःच ठेवलेली पायथन नावाची शून्य बाइटची फाइल. 'व्हेअर पायथन' (पायथन कुठे आहे ते सांगणारी कमांड) दिलं की कधी तीच आधी दिसते अन् पोरं म्हणतात, सर, सापडला! सेटिंग्जमधल्या 'ॲप एक्झिक्युशन अलायसेस'मध्ये ती बंद करा. इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावर तळाला पाथमध्ये (विंडोज कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) घालायची चौकट असते, ती आपण सगळेच 'नेक्स्ट'च्या घाईत सोडतो. आणि हो, पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या दुसऱ्या कमांड-खिडकीत) 'व्हेअर' गप्प बसतो, कारण तिथं तो वेगळाच कमांड आहे. 'व्हेअर डॉट ईएक्सई' लिहायचं.

धुळे: माझं दुखणं उलटं, एक सोडून दोन सापडले. कापसाच्या वजनाचा हिशेब करायला पांडाज हे पायथनचं तयार पॅकेज टाकलं. पिप (पॅकेज टाकणारं साधन) म्हणे झालं, प्रोग्राम म्हणे असं काही नाहीच. रात्री शेवभाजी गार झाली तरी उलगडेना. पिप पायथन ३.९ मध्ये भरत होता, एडिटर ३.१२ चालवत होता. 'पाय -०पी' दिल्यावर दोघांचेही पत्ते समोर आले. तेव्हापासून मी फोल्डर धुंडाळत नाही, त्यालाच विचारतो: 'इम्पोर्ट सिस', मग 'सिस डॉट एक्झिक्युटेबल'. जो चालू आहे तोच आपला पत्ता सांगतो. अन् पिपसुद्धा 'पायथन -एम पिप' असाच चालवतो, म्हणजे माल त्याच घरात पडतो.

नंदुरबार: माझ्याकडे विंडोज नाही, उबंटू लिनक्स. 'पायथन' म्हटलं तर ओळखच देईना, मागे ३ लावल्यावर बोलला. 'विच पायथन३' (इथली 'व्हेअर') दिलं, उत्तर यूएसआर/बिन. पण 'एलएस -एल' करून पाहिलं तर ती नुसती लिंक. खरी फाइल शेजारीच, ३.१२ नावाची.

रावेर: लाइट गेलेली, म्हणून मोबाइलवर टर्मक्समध्ये (कमांड-खिडकी देणाऱ्या ॲपमध्ये) टाकला. 'विच'नं एवढा लांब पत्ता दिला की स्क्रीनवर दोन ओळी झाल्या. चालतोय ना, मग राहू दे तिथंच.

भुसावळ, पुन्हा मीच: धुळेकर, तुमची युक्ती लागू पडली. भाच्याकडेही दोन निघाले.